जी.एम. साहेबांची तब्येत

माझ्या घरमालकांनी मला खोली दाखवायच्या आधी माझी जीभ पाहिली.

स्मृती नगरातल्या त्यांच्या फाटकाशी मी बॅग घेऊन उभी होते. वरच्या मजल्यावर एक खोली भाड्याने आहे, असं शाळेतल्या क्लार्कने सांगितलं होतं. काका बाहेर आले. खाली पायजमा, वर स्टील प्लांटचा जुना खाकी शर्ट. मी नाव सांगितलं, शाळेत बायॉलॉजी शिकवते म्हणून सांगितलं, घर रायपूरला आहे तेही सांगितलं. यातलं काहीच त्यांनी मनावर घेतलं नाही. नुसते बघत राहिले आणि मग म्हणाले, "जीभ दाखव."

मी शिकलीसवरलेली, चारचौघींत फटकळ म्हणून नाव असलेली बाई, आणि मी भर रस्त्यात एका अनोळखी म्हाताऱ्याला जीभ काढून दाखवली. याचं मला अजून नवल वाटतं. त्यांनी वाकून नीट पाहिलं. "पित्त हाय. सकाळी उपाशी चहा पेतेस. खोली वर हाय, पाणी सकाळ-संध्याकाळ येते," म्हणाले आणि जिन्याकडे बोट करून आत गेले.

पित्त होतं, हे मला कबूल करावं लागेल.

रायपूरहून रोज ये-जा करता आली असती. शाळेतल्या दोघीतिघी करतच होत्या. पण त्या वर्षी मला घरी राहायचं नव्हतं आणि त्याचं कारण इथे सांगायची गरज नाही. काकांनी ते कधी विचारलं नाही. "विचारलं तं माणूस खोटं सांगते," ते म्हणायचे, "म्हून पाहा लागते." माझ्या बाबतीतही त्यांनी काय ते पाहिलं असणार.

त्यांचा जन्म भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातला आणि उभी नोकरी प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसवर. त्या भट्टीचं झाकण उघडून आत काय चाललंय ते बघता येत नाही. बाजूच्या बारक्या झरोक्याला निळ्या काचेचा तुकडा धरायचा, आत डोकवायचं, आणि उजेडाच्या रंगावरून भट्टीचं पोट साफ आहे की बिघडलंय ते सांगायचं. हेच काम त्यांनी जन्मभर केलं. रिटायर झाल्यावर भट्टी राहिली नाही, म्हणून बाकीचं जग राहिलं. दूधवाल्याच्या चालीवरून ते त्याचा गुडघा सांगत. शेजारच्या स्कूटरच्या आवाजावरून तिचा प्लग सांगत. निळी काच शर्टाच्या खिशात कायम असायची. गॅसची ज्योत ते तिच्यातूनच बघत, आणि एकदा माझी पोळी तव्यावर असताना तीही त्यांनी त्या काचेतून पाहिली होती. "कच्ची," म्हणाले. त्या दिवसापासून मी दार लावून स्वयंपाक करायला लागले.

फोन उचलल्यावर त्यांचा पहिला शब्द "हॅलो" नसायचा. "काय झालं?" असायचा. कंट्रोल रूममधला फोन हालहवाल विचारायला वाजत नसे. तो वाजला म्हणजे कुठेतरी काहीतरी फुटलं, अडलं किंवा पेटलं. मुलगा पुण्याहून फोन करायचा तेव्हाही काका म्हणत, "काय झालं?" मुलगा म्हणे, "कुछ नहीं पापा, ऐसे ही." काका विचारत, "ऐसे ही कावून?" सहज ते का म्हणून, हे कोण कसं सांगणार? हळूहळू ते फोन विरळ झाले. काकांना त्यात वावगं वाटत नव्हतं, निदान तसं ते म्हणत तरी होते. "फोन नाही म्हणजे पोट्टा ठीक हाय."

काकू माझ्या येण्याआधीच गेल्या होत्या. पुढच्या खोलीत सलाइन टांगायचा लोखंडी स्टँड तेवढा उभा होता. त्यावर काका छत्री आणि गमछा अडकवत. तो तिथून काढा असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही, आणि मीही म्हटलं नाही.

अशा घरात जी.एम. साहेब आले.

पावसाळा संपत आला होता. काका अहिवाऱ्याकडे एका जुन्या सोबत्याच्या तेरवीला गेले होते. त्या वर्षात त्यांच्या तेरव्या बऱ्याच वाढल्या होत्या. परतले तेव्हा डोकं उघडं, आणि हेल्मेट स्कूटरवर पायाशी, त्यावर गमछा बांधलेला. मला वाटलं प्रसादाचं काही असेल. त्यांनी गमछा जरासा उचलला. आत मूठभर हिरवा जीव हेल्मेटच्या पट्ट्याला धरून बसला होता. त्याचा एक डोळा माझ्याकडे आला आणि दुसरा काकांकडेच राहिला.

"सरडा?" मी मागे सरत म्हटलं.

"सरडा नाही, घोयरा. सरडा पयते. याले पयता येत नाही, म्हून मार खाते." घोयरा म्हणजे शॅमेलिऑन, रंग बदलणारा. चुनखडीच्या खाणीजवळच्या रस्त्यावर चारपाच जण याला दगड मारत होते. हा विषारी असतो, याचा श्वास लागला तरी माणूस सुकतो, असं तिकडे सगळे समजतात. एक दगड मागच्या पायाला लागला होता. काकांनी स्कूटर मध्ये घातली आणि त्याला उचललं. त्यांना चावला, तरी सोडला नाही.

नाव त्यांनी दुसऱ्याच दिवशी ठेवलं. "पाहा बरं, एक डोळा भट्टीवर, एक घड्याळावर. पाऊल उचललं तं ठेवाचं का नाही ठेवाचं याची मीटिंग घेते. आमचे एक जी.एम. होते, बिलकुल असेच."

मी बायॉलॉजीवाली असल्यामुळे माझं कर्तव्य केलं. "काका, हा वन्यजीव आहे. कायद्याने पाळता येत नाही."

"पाळून कोण राहिलं? ॲडमिट हाय तो. पाय बरा झाला का डिस्चार्ज."

पेशंटची व्यवस्था मात्र त्यांनी अशी केली की कुठल्या इस्पितळात होणार नाही. घराच्या जुन्या खिडक्यांच्या चौकटी गच्चीवर पडून होत्या. त्या उतरवून पुढच्या खोलीत, दक्षिणेच्या खिडकीला चिकटून त्यांनी एक कॅबिन उभी केली. चारी बाजूंनी काच, फटींना पुटीन, मध्ये पेरूची फांदी. आमच्याकडे वारा फिरला की प्लांटची तांबडी धूळ घरभर बसते, मांजरं आहेत, थंडी आहे. त्यांच्या हिशेबात हे सगळं बाहेर राहणार होतं आणि ऊन तेवढं आत येणार होतं. "आमची कंट्रोल रूम अशीच होती," ते सांगत, "आतून सगळं दिसे, आत काही येत नसे." जी.एम. साहेब दिवसभर त्या उन्हात बसत आणि काका खुर्ची टाकून त्यांच्यासमोर बसत.

धुण्याभांड्याच्या बाईने कॅबिन पाहिली आणि उंबऱ्यावरच थबकली. "कका, ए टेटका ला घर म झन राख," या सरड्याला घरात ठेवू नका, असं तिने छत्तीसगढीत बजावलं. काकांनी ऐकलं नाही, तेव्हा ती पुढची खोली वगळून झाडू मारायला लागली. मग ती खोली काका स्वतः झाडायचे.

पहिली तक्रार पाण्याची होती. वाटीत पाणी ठेवलं तर साहेब त्याच्याकडे ढुंकूनही बघेनात. डोळे खोल गेले. काकांनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी आंघोळ करून त्यांनी ओला हात पेरूच्या पानांवर झटकला, तेव्हा साहेब पानावरचा थेंब चाटू लागले. काका उठले, स्टँडवरची छत्री आणि गमछा काढला, कपाटातून सलाइनची नळी शोधून आणली आणि बाटलीत साधं पाणी भरून ती टांगली. थेंब पानावर पडत राहतील इतकीच चाकी त्यांनी फिरवली. थेंब किती वेगाने सोडायचा हे त्यांच्या बोटांना विचार न करता येत होतं. मी दारात उभी होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेवटी शेवटी मीच लावत होतो. नर्स दूर राहे." मी चहा करून आणला.

दुसरी तक्रार रंगाची. दुपारी ऊन डोक्यावर गेलं की साहेब काळे पडत, अंग फुगवत, तोंड उघडून एका कोपऱ्याकडे रोखून बघत. काका खुर्ची कधी इकडे टाकत, कधी तिकडे, आणि शेवटी तर गुडघ्यावर बसून साहेबांच्या उंचीवरून बघायला लागले. मग हसले. बाहेरचा उजेड फिरला की मागची काच आरशासारखी होत होती. "याले वाटून राहिलं, दुसरा जी.एम. आला. खुर्ची जाते का काय!" त्या मागच्या काचेला त्यांनी पेपर चिकटवला आणि संध्याकाळपर्यंत साहेब हिरवे झाले. त्या दिवशी काका इतके खूश होते की मला बोलावून जिलबी दिली.

नाकतोडे ते स्वतः पकडत. सकाळी कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर पायजमा वर खोचून, हातात प्लास्टिकची बरणी घेऊन गवतात वाकलेले काका सगळ्यांच्या ओळखीचे झाले होते. साहेबांची जीभ सुटायची तेव्हा नाकतोडा नाहीसा झालेला दिसायचा, जीभ दिसायचीच नाही. "जीभ चांगली म्हणजे सगळं चांगलं," काका माझ्याकडे बघून म्हणत.

दिवाळीपर्यंत पाय बरा झाला. मी म्हटलं, "काका, डिस्चार्ज?"

"नाक वाजून राहिलं त्याचं."

पुढच्या आठवड्यात नाक ठीक होतं, पण कात सुटत नव्हती. कात सुटली तर भूक कमी झाली होती. भूक आली तर थंडी वाढली होती आणि अशा थंडीत पेशंटला बाहेर सोडणारा डॉक्टर त्यांना कसाई वाटत होता. मी एकदा वैतागले. मला तसं वैतागायला वेळ लागत नाही. "त्याला काहीही झालेलं नाही, काका. तुम्हाला त्याला सोडायचं नाही, एवढंच आहे."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते काच पुसत होते, पुसतच राहिले. "सकाळी उठलो का कोणी तं पाहते माह्याकडं," ते म्हणाले. "एकाच डोळ्यानं पाहते, पण पाहते."

त्यानंतर मी डिस्चार्जचा विषय काढला नाही. माझ्याही सकाळी काही फार वेगळ्या नव्हत्या. वर माझी खोली, खाली त्यांची, आणि दोघांच्या मध्ये हा एक जीव, ज्याच्या निमित्ताने मी जिना उतरत होते. तो गेला असता तर मी कुठल्या कारणाने खाली गेले असते?

संक्रांतीच्या सुमारास साहेब फांदीवरून पडले.

आधी वाटलं, पाय घसरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडले. मुठी फांदीला धरत होत्या, पण धरताना थरथरत होत्या. मग काकांना दिसलं की पुढचे पाय मधोमध धनुष्यासारखे वाकलेत. जीभ सुटायची, पण नाकतोड्याच्या अलीकडेच पडायची आणि साहेब ती हळूहळू आत ओढून घ्यायचे. काकांनी एका बोटाने जबडा दाबून पाहिला आणि हात मागे घेतला. "नरम हाय," म्हणाले. "हाडच नरम पडलं."

यावर त्यांच्याकडे इलाज होता, आणि तो प्लांटमधल्या माणसालाच सुचू शकतो. भट्टीचं पोट बिघडलं की चुनखडी वाढवतात. हाडालाही चुनाच लागतो. ते स्कूटर काढून अहिवाऱ्याच्या बाजूला गेले, चुनखडीचे खडे आणले, काकूंच्या खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ पीठ केलं आणि नाकतोडे त्यात घोळवून चिमट्याने साहेबांच्या तोंडाशी धरायला लागले. सगळी खोली पांढरी झाली. काकांच्या मिशाही. साहेब खात होते, आणि तरी आणखी वाकत होते. "डोस कमी पडून राहिला," म्हणून काकांनी पीठ वाढवलं. कॅबिन आणखी उन्हात सरकवली. थंडी आत येऊ नये म्हणून उरल्यासुरल्या फटीही बुजवल्या.

त्या दिवसांत त्यांनी माझी जीभ पाहिली नाही. दूधवाला लंगडत आला तरी काही बोलले नाहीत. नुसते खुर्चीवर बसून कॅबिनकडे बघत असायचे. एकदा मी म्हटलं, जेवून घ्या. ते म्हणाले, "काकूले बी मी रोज पाहत होतो. एक दिवस चुकला नाही. अन् मलेच नाही दिसलं. डॉक्टरनं सांगितलं तवा समजलं. मग पाहून का फायदा?"

मी त्यांच्याजवळ खाली बसले. त्यांच्या हाताला चुन्याची भुकटी लागली होती आणि तो हात त्यांनी गुडघ्यावर उताणा ठेवला होता.

जवळच्या दुर्ग शहरात, मोहन नगरात जनावरांचे एक डॉक्टर घरीच तपासत. मी काकांना आग्रहाने तिथे नेलं. साहेब बुटांच्या खोक्यात, खोकं माझ्या मांडीवर. डॉक्टरांच्या अंगणात दोन शेळ्या आणि एक कुत्रा आमच्या आधी होते. आमचा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी खोक्यात डोकावून चष्मा काढला. "चाचा, मैं तो गाय-भैंस वाला हूँ," ते मोकळेपणाने म्हणाले. पण त्यांनी साहेबांना हातात घेतलं, पाय चाचपले, जबडा पाहिला. खायला काय देता ते विचारलं. काकांनी चुनखडीचं सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "ठीक है, उसमें गलती नहीं. धूप दिखाते हो?"

"दिनभर," काका म्हणाले. "खिड़की में ही रखा है. सुबह से धूप आती है."

"खिड़की खुली रहती है कि बंद?"

"बंद. धूल आती है न."

"फिर धूप कहाँ मिली, चाचा? काँच में से उजाला आता है, गर्मी आती है. जिस धूप से हड्डी बनती है, वो काँच पर ही रुक जाती है. चूना जितना खिलाना है खिलाओ, बिना धूप के हड्डी में नहीं लगेगा."

हे मी दर वर्षी आठवीच्या वर्गाला शिकवत होते, फळ्यावर चित्र काढून.

परतताना रिक्षा गुरुद्वाऱ्यापुढच्या सिग्नलला थांबली. काकांनी खिशातून ती निळी काच काढली, उगीच उलटीसुलटी केली आणि पुन्हा आत ठेवली. "जिंदगीभर मले वाटे, काच नसती तं आपण जळलो असतो," ते म्हणाले. "बरोबरच होतं ते. पण हा का भट्टी थोडीच पाहून राहिला?"

घरी आल्यावर त्यांनी चहाही घेतला नाही. पेचकस घेऊन कॅबिनच्या काचा एकेक करून उतरवल्या. मी धरायला गेले तर म्हणाले, "सरक, हात कापन."

दुसऱ्या दिवसापासून साहेबांची ओपीडी अंगणात सुरू झाली. अंगणात सीताफळाचं एक झाड होतं. सकाळी काका साहेबांना त्यावर ठेवत आणि खाली स्टुलावर बसत, हातात काठी, डोक्याला गमछा. कावळा, मांजर, कॉलनीची पोरं, सगळ्यांवर नजर. सलाइनचा स्टँडही त्यांनी बाहेर आणला होता. आणि एक गोष्ट झाली, जी कुणी ठरवली नव्हती. रस्त्याने जाणारी माणसं कुंपणाशी थांबायला लागली. "अंकल, ये क्या है?" काका आधी तुटक उत्तर देत, मग लांब. हा विषारी नाही, हा कोणाला सुकवत नाही, हात लावून पाहा. समोरचे रिटायर्ड पोस्टमास्तर स्वतःची खुर्ची घेऊन यायला लागले. धुण्याभांड्याची बाई एक दिवस झाडाखाली उभी राहून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, बिचारा म्हाताऱ्यासारखा चालतो. काकांच्या गालावर रंग आला. मी कॉलेजच्या दिवसांनंतर पहिल्यांदाच सकाळी उन्हात बसून चहा पीत होते, तोही काहीतरी खाऊन.

चुनखडी चालूच होती. होळीनंतर एका दुपारी मी शाळेतून आले तर काकांनी नुसतं बोट दाखवलं. साहेबांपासून वीतभर अंतरावर नाकतोडा बसला होता. साहेबांनी दोन्ही डोळे पुढे आणले. नाकतोडा गेला. जीभ मला दिसलीच नाही. मी काकांकडे पाहिलं तर ते गमछ्याने तोंड पुसत होते, आणि ते घामासाठी नव्हतं.

पाय थोडे वाकडेच राहिले. पण मुठी घट्ट झाल्या, रंग पानासारखा झाला. मी डिस्चार्जबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला भीती वाटत होती की तेही काढणार नाहीत. सीताफळाचं झाड होतं, ऊन होतं, पोस्टमास्तर होते. आता तर ठेवून घ्यायला काहीच अडचण नव्हती.

एका रविवारी सकाळी त्यांनी साहेबांना हातावर घेतलं, पोट पाहिलं, पाय पाहिले, जबडा दाबला. मग आवाज जरा मोठा करून, कंट्रोल रूममधून बोलल्यासारखं म्हणाले, "फिट." आणि हेल्मेट मागितलं.

मी स्कूटरवर मागे बसले, हेल्मेट माझ्या मांडीवर. अहिवाऱ्याच्या रस्त्याला खाणीच्या अलीकडे झुडपांचा पट्टा लागतो. पळस फुलून गेला होता, नवी पानं आली होती. रस्त्यापासून आत जाऊन काकांनी हात एका फांदीला टेकवला. साहेबांनी एक पाऊल उचललं. ते ठेवायचं की नाही याची मीटिंग झाली. मग ठेवलं. मागचा पाय काकांच्या अंगठ्यावरून सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. चार पानांमागे गेले तेव्हा दिसत होते, त्यापुढे मला शोधूनही दिसेनात. काका मात्र बराच वेळ तिकडे बघत उभे होते.

"दिसतो का तुम्हाला?"

"नाही." मग म्हणाले, "चांगलं हाय. बिमार घोयरा दिसते. काळा पडते, पांढरा पडते, पानात उठून दिसते. बरा असला का दिसत नाही."

येताना स्कूटर त्यांनी फार हळू चालवली. घरी रिकामं हेल्मेट खुंटीला लावलं आणि सलाइनचा स्टँड अंगणातून उचलून आत नेला.

त्यानंतर ते अधूनमधून रविवारी तिकडे जात. परत आले की मी वरून विचारायची, "दिसला?" ते म्हणत, "नाही," आणि समाधानाने पायजम्याची धूळ झटकत.

पुढच्या वर्षी मला सरकारी शाळेची ऑर्डर आली, अंबिकापूरची. सामान निघालं त्या दिवशी मी खाली गेले आणि कुणी न सांगता जीभ काढून उभी राहिले. त्यांनी पाहिली. डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली. आवाज मोठा झाला नाही या वेळी. "फिट. जाजो तू," म्हणाले.

"फोन करीन मी."

"कावून? बिमार पडशील तवा कर."

मी तरीही करत राहिले. दर वेळी तेच, "काय झालं?" काही नाही झालं, काका, सहजच. मग ते गोंधळत आणि पोस्टमास्तरांची बातमी सांगून फोन ठेवत. पुढे पोस्टमास्तर मुलीकडे नागपूरला गेले. सीताफळाचं झाड कंपाउंडच्या भिंतीच्या कामात तोडावं लागलं. या दोन्ही बातम्या त्यांनी एकाच सुरात सांगितल्या होत्या. त्यांनी स्वतः मला कधी फोन केला नाही, आणि मला त्यांचा नियम माहीत होता. फोन नाही म्हणजे ठीक आहे.

गेल्या महिन्यात दुपारी मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते तेव्हा मोबाइल वाजला. पडद्यावर काकांचं नाव होतं. मी उचलला आणि माझ्या तोंडून गेलं, "काय झालं?"

"काही नाही झालं," काका म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "बहुत दिवसांपासून काहीच नाही झालं, पोरी."

मी खुर्चीतून उठून व्हरांड्यात आले. तब्येत विचारली, ते चांगली आहे म्हणाले. विचारून उपयोग नाही हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"दिवसभर काय करता?"

"बसतो. पुढच्या खोलीत, खिडकीजवळ. ऊन येते तिथं चांगलं."

"काका, खिडकी उघडी असते की बंद?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बंद," ते म्हणाले.

"उघडा ती. मी शनिवारच्या गाडीने येतेय. जीभ पाहायला."